पॅरिसचे महाऑर्गन आणि ते वाजवणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्मोनियम शिकणारे विद्यार्थी, पॅरिसला निघालेले नातेवाईक आणि नोत्र-दाम कॅथेड्रलची आग टीव्हीवर पाहिलेले कितीतरी जण हे प्रश्न विचारतात. उत्तरं मुख्यतः पॅरिसभोवती फिरतात, कारण या वाद्यावरचं माझं प्रेम तिथल्याच वादकांमुळे वाढलं. त्यातले बरेचसे ऑर्गन नियमाने पाहिलं तर कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, नाहीत, इतर मोठ्या चर्चमध्ये आहेत. ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

संगीत नाटकात वाजायचा तो ऑर्गन हाच का?

नाही. नांदीपासून भरतवाक्यापर्यंत साथ करणारा, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन हा रीडचा. त्यात पितळेची पातळ पट्टी थरथरते आणि सूर उमटतो. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. काही नळ्या बासरीसारख्या, म्हणजे हवा धारेवर आपटून बोलणाऱ्या. काहींच्या बुडाशी धातूची जीभ असते आणि त्या सनईच्या वळणाने कडक वाजतात.

नातं मात्र जवळचं आहे. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्येच, १८४२ साली आलेक्सांद्र दबाँ यांनी घेतलं. लहान गावातल्या चर्चला पाइप ऑर्गन परवडायचा नाही, तिथे हे वाद्य पोचलं आणि सेझार फ्राँक, लुई व्हिएर्न यांच्यासारख्या मोठ्या ऑर्गनवादकांनी त्यासाठी मनापासून रचना केल्या. व्हिएर्नचा चोवीस रचनांचा एक संच तर ऑर्गन किंवा हार्मोनियम, दोन्हींसाठी आहे. कुणाच्या घरी आजोबांच्या वेळचा पायपेटीचा ऑर्गन चालू स्थितीत असेल तर त्यावर हे संगीत वाजवता येतं. जरूर वाजवून पाहा.

आत नेमकं काय चालतं?

आधी हवा. आता ती विजेच्या पंख्याने येते. पूर्वी माणसं भात्यांवर पाय देऊन भरायची. ती मोठमोठ्या भात्यांत साठते, वर वजनं ठेवलेली असतात, त्यामुळे दाब एकसारखा राहतो. तिथून ती लाकडी पेट्यांमध्ये जाते आणि पेट्यांवर नळ्या उभ्या असतात.

पट्टी दाबली की तिच्याखालची झडप उघडते. पण नुसती झडप उघडून भागत नाही, कोणत्या रांगेतल्या नळीला हवा द्यायची हेही ठरवावं लागतं. ते ठरवतो स्टॉप. वादकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुठींच्या रांगा दिसतात, त्या ओढायच्या. एक मूठ म्हणजे साधारण एक रांग, एक आवाज. पट्ट्यांच्या एका पूर्ण रांगेला स्वरपट म्हणायचं; कपलर लावला की एका स्वरपटावर वाजवताना दुसराही वाजतो. हार्मोनियमवाल्यांना स्टॉप आणि कपलर हे दोन्ही शब्द समजावून सांगायला लागत नाहीत.

नोत्र-दामच्या मोठ्या ऑर्गनला हातांसाठी पाच स्वरपट, पायांसाठी एक, ११५ स्टॉप आणि जवळपास ८००० नळ्या आहेत. समोरून दिसतात त्या चकचकीत नळ्या म्हणजे त्यातला अगदी थोडा भाग. बाकीच्या मागे, अंधारात, मजल्यांवर मजले रचून ठेवलेल्या असतात.

एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. इथे पट्टी जोरात मारा की हळू, आवाज तेवढाच येतो. शिवाय पियानोचा सूर वाजल्यावर विरत जातो, ऑर्गनचा बोट उचलेपर्यंत जसाच्या तसा उभा राहतो. त्यामुळे बोट ठेवण्याइतकंच उचलणं महत्त्वाचं. दोन सुरांमध्ये केसाएवढी फट ठेवली की ताल दिसायला लागतो. फट बुजली की सगळं एकमेकांत मिसळतं. चांगला वादक ओळखायचा तो इथे. आवाज लहानमोठा करायला तो स्टॉप वाढवतो-कमी करतो, आणि काही नळ्या ज्या बंद खोलीत ठेवलेल्या असतात तिची झडपांची भिंत पायाने उघडतो-मिटतो.

स्टॉपवर ८, १६, ३२ असे आकडे का लिहिलेले असतात?

ती फुटांतली लांबी आहे, त्या रांगेतल्या सर्वांत खालच्या नळीची. ८ फुटांची उघडी नळी मधल्या पांढरी एकच्या दोन सप्तकं खाली बोलते. १६ म्हणजे आणखी एक सप्तक खाली. ३२ म्हणजे सेकंदाला सुमारे १६ कंपनं. ही नळी जवळजवळ दहा मीटर उंच, आणि तिचा मूळ सूर माणसाच्या कानाच्या मर्यादेखाली जातो. तो ऐकू येण्याऐवजी बाकाच्या लाकडातून आणि छातीतून जाणवतो. उलट टोकाला सगळ्यात लहान नळीचा बोलका भाग एखाद-दोन सेंटिमीटरचा.

खरी गंमत अपूर्णांकांत आहे. २ २/३ लिहिलेला स्टॉप ओढून ‘सा’ दाबला तर वरच्या सप्तकातला पंचम वाजतो, १ ३/५ ने त्याहून वरचा गंधार. हे स्टॉप एकटे वाजवायचे नसतात. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. ऑर्गन बांधणारा तोच गंधार वेगळी नळी उभी करून मूळ सुरात मिसळतो. कान त्याला वेगळा सूर मानत नाही, फक्त ‘सा’चा रंग बदलतो.

जगात इतके ऑर्गन आहेत, मग पॅरिसच का?

आरिस्तीद कावाये-कॉल या एका माणसामुळे. जन्म १८११, माँपेलिए. मृत्यू १८९९, पॅरिस. त्याच्या कारखान्यातून सुमारे ५०० ऑर्गन बाहेर पडले.

त्याच्या आधी मोठ्या ऑर्गनची एक अडचण होती. स्वरपट जितके जास्त जोडाल तितक्या जास्त झडपा एका बोटाला ओढाव्या लागत, आणि पट्ट्या इतक्या जड होत की जलद वाजवणं अशक्य. चार्ल्स बार्कर या इंग्रज माणसाने यावर तोड काढली होती: बोटाने फक्त एक छोटा भाता उघडायचा, तो भाता हवेच्या जोरावर पुढचं ओझं ओढतो. कावाये-कॉलने ही युक्ती १८४१ साली साँ-देनीच्या बॅसिलिकातल्या ऑर्गनमध्ये बसवली, आणि एवढं अवजड वाद्य बोटांखाली पळायला लागलं. त्याने बासरीच्या जातीचे नवे आवाज घडवले, तुताऱ्यांना वरच्या सप्तकातही दम दिला, आवाज पायरीपायरीने चढवता येईल अशी सोय केली. ऑर्केस्ट्रासारखी रुंदी मिळाल्यावर वादकांनी ऑर्गनसाठी चक्क सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी असतात तशा अनेक भागांच्या मोठ्या रचना, लिहिल्या.

त्याचं सर्वांत अखंड राहिलेलं मोठं काम म्हणजे साँ-सुल्पीस चर्चचा ऑर्गन, १८६२. शंभर स्टॉप, पाच स्वरपट. वादकाभोवती मुठींच्या रांगा अर्धवर्तुळात पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. तिथे आजही स्टॉप बदलायला इलेक्ट्रॉनिक सोय नाही. वादकाच्या डाव्या-उजव्या हाताला मदतनीस उभे राहतात आणि ऐन वेळी, ऐन मात्रेला मुठी ओढतात. एक हात चुकला तर पूर्ण चर्चला कळतं. मला विचाराल तर पॅरिसमध्ये एकच ऑर्गन ऐकायचा असेल तर हा ऐकावा, नोत्र-दामच्याही आधी.

सगळ्यात मोठा ऑर्गन कुठला?

कॅथेड्रलपुरतं बोलायचं तर जर्मनीतल्या पासाउच्या ऑर्गनचं नाव पुढे येतं, १७,९७४ नळ्या. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल कॅथेड्रलचा, दहा हजारांवर. नळ्यांच्या संख्येत अमेरिकेतला अटलांटिक सिटीच्या सभागृहातला ऑर्गन सर्वांच्या पुढे आहे, तेहेतीस हजारांहून जास्त. पण आकड्याने आवाज ठरत नाही, वास्तू आणि घडवणाऱ्याचा कान ठरवतो.

नोत्र-दामच्या आगीत ऑर्गन जळाला नव्हता का?

नाही. १५ एप्रिल २०१९ ला छप्पर आणि मनोरा कोसळला, पण पश्चिमेच्या दारावरच्या सज्जात असलेला मोठा ऑर्गन वाचला. ज्वाळा तिथवर आल्या नाहीत, बंबांचं पाणीही फारसं लागलं नाही. समोरच्या बाजूचा लहान ऑर्गन मात्र पाण्याने बराच खराब झाला.

पण वाचला म्हणजे वाजण्याजोगा राहिला असं नाही. वितळलेल्या छपराच्या शिशाची पिवळसर भुकटी नळ्यानळ्यांत, झडपांत, पेट्यांत शिरली होती. २०२० च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तो उतरवला गेला, भाग फ्रान्सच्या वेगवेगळ्या कार्यशाळांत गेले, प्रत्येक नळी साफ झाली, मग सगळं पुन्हा वर चढलं. त्यानंतर सर्वांत नाजूक काम: एकेक नळी पुन्हा त्या वास्तूच्या घुमण्याशी जुळवायची. दिवसा गवंडी, सुतार, यंत्रं यांचा आवाज, म्हणून हे काम कित्येक महिने रात्री चाललं. एक जण पट्टी दाबतो, दुसरा आत नळीपाशी, तिच्या ओठाची फट रेसभर उघडतो किंवा मिटवतो, पुन्हा ऐकतो. असं हजारो वेळा. या कारागिरांची नावं मैफलीच्या जाहिरातीवर येत नाहीत, आणि मला ते खटकतं.

७ डिसेंबर २०२४ ला कॅथेड्रल पुन्हा उघडलं. आर्चबिशपांनी ऑर्गनला उद्देशून ‘जागा हो’ अशी साद घातली. अशा आठ सादा, आणि प्रत्येक सादेला ऑर्गनवरून जागच्या जागी सुचलेलं उत्तर. वाजवणारे चौघे होते: ओलिव्हिए लात्री, व्हँसाँ द्युब्वा, त्येरी एस्केश आणि तिबो फाजोल. पाच वर्षांच्या शांततेनंतरचा तो पहिला सूर मंद होता, आणि हळूहळू रंग चढत गेला. त्याचं चित्रीकरण सहज मिळतं, पूर्ण बघा.

वादक तर दिसतच नाही. मग दाद कुणाला द्यायची?

या वाद्याची ही रीतच आहे. वादक उंच सज्जात, लोकांच्या पाठीमागे. खाली चाललेलं तो आरशात किंवा पडद्यावर बघतो. शिवाय तो स्वतः जे ऐकतो ते खालच्या लोकांना ऐकू येणाऱ्यापेक्षा वेगळं असतं. नोत्र-दामची लांबी सुमारे १२८ मीटर. सूर दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा एक-तृतीयांश भाग लागतो आणि तो विरायला सहा-सात सेकंद. म्हणजे वादकाला आत्ताचा सूर, मागच्या सुराची सावली आणि पुढे ओढायचा स्टॉप हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायचं असतं, दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या वाटांनी चालत असताना. घुमार जास्त असेल तर तो लय सैल करतो, फटी वाढवतो. तीच रचना कोरड्या सभागृहात तोच वादक वेगळी वाजवेल.

लुई व्हिएर्नबद्दल इतकं का बोललं जातं?

त्याच्या वाट्याला जे आलं आणि त्यातून त्याने जे दिलं, त्या दोन्हींसाठी. जन्म १८७०, जन्मतः जवळजवळ आंधळा. फ्राँककडे शिकला, मग साँ-सुल्पीसचा वादक विदॉर याच्याकडे, आणि तिथेच विदॉरचा मदतनीस झाला. १९०० साली स्पर्धेतून नोत्र-दामच्या वादकाचं पद मिळवलं आणि मरेपर्यंत सांभाळलं. १९०६ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात पाय मोडला, तेव्हा पायपट्ट्यांचं तंत्र त्याला पुन्हा मुळापासून बसवावं लागलं. पहिल्या महायुद्धाने मुलगा नेला आणि भाऊही. ऑर्गनची अवस्था बिकट झाली होती. दुरुस्तीसाठी पैसे उभे करायला तो १९२७ मध्ये अमेरिकेत मैफली करत फिरला.

२ जून १९३७ ची संध्याकाळ. नोत्र-दाममधली त्याची १७५० वी मैफल. शेजारी शिष्य मोरिस द्युरुफ्ले. व्हिएर्नने आपली तीन भागांची रचना वाजवली. तिचा शेवटचा भाग एका मृत बालकाच्या स्मरणार्थ आहे. पुढे दिलेल्या धुनेवर उत्स्फूर्त वादन करायचं होतं. त्याने स्टॉप निवडले आणि तो कोसळला. पाय पायपट्टीवर पडला आणि खर्जातला एक सूर कॅथेड्रलभर वाजत राहिला. खाली बसलेल्यांना वाटलं, वादन सुरू झालं.

त्याच्या सहा सिंफनी आहेत. तिसरीचा संथ भाग आधी ऐका.

विदॉरची ती प्रसिद्ध टोकाटा, लग्नात वाजते ती?

हो, १८७९ च्या पाचव्या सिंफनीचा शेवट. टोकाटा म्हणजे बोटांची चपळाई दाखवणारी रचना. शार्ल-मारी विदॉर १८७० मध्ये पंचविशीत साँ-सुल्पीसला आला, नेमणूक तात्पुरती होती, आणि तो १९३३ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिला. ही टोकाटा आजकाल सुसाट पळवतात. विदॉरने स्वतः १९३२ मध्ये, ८८ व्या वर्षी, आपल्याच ऑर्गनवर ती ध्वनिमुद्रित केली आहे आणि लय चांगलीच ठाय आहे. प्रत्येक सुराला घुमायला जागा मिळते. घाईने वाजवणाऱ्यांनी ती एकदा ऐकावी.

त्याच्यानंतर मार्सेल द्युप्रे, १९३४ ते १९७१. म्हणजे शंभर वर्षांत दोनच माणसं. द्युप्रेने १९२० मध्ये पॅरिसमध्ये दहा मैफलींत जर्मन संगीतकार बाखच्या सगळ्या ऑर्गन रचना नोटेशन समोर न ठेवता वाजवल्या. विदॉरकडून द्युप्रेकडे, द्युप्रेकडून मेस्सियाँ आणि झान देमेस्यू यांच्याकडे असा हा वारसा पुढे गेला. घराण्यांची सवय असलेल्या श्रोत्यांना इथे परकं वाटत नाही.

उत्स्फूर्त वादन म्हणजे मनाला येईल ते वाजवणं का?

मुळीच नाही. वादकाला एक धून देतात, आधी न दाखवलेली. त्यावर तो तिथल्या तिथे फ्यूग (एकच धून एकामागून एक पदरांत उचलून गुंफायची रचना), व्हेरिएशन (त्याच धुनेची बदलती रूपं), कधी अख्खी सिंफनी उभी करतो, शिस्तीच्या सगळ्या अटी पाळून. फ्रान्समध्ये ही वेगळी शिकवली जाणारी विद्या आहे, कारण मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, विधी किती वेळ चालेल ते आधी ठाऊक नसतं आणि ती जागा भरायची जबाबदारी ऑर्गनवर असते. १९५५ ते १९८४ नोत्र-दामला असलेल्या पिएर कोशेरोची ध्वनिमुद्रणं इतकी रेखीव आहेत की नंतरच्या लोकांनी ती ऐकून ऐकून कागदावर उतरवली. आलाप-तानांवर वाढलेल्या कानांना ऑर्गनमध्ये शिरायची ही सर्वांत सोपी वाट आहे, असं माझं ठाम मत आहे.

बायका वाजवतात का?

वाजवतात, आणि अव्वल. झान देमेस्यू (१९२१–१९६८) यांच्या पायांची सफाई थक्क करणारी होती, तीही उंच टाचांच्या बुटांत. पुढे त्या मादलेन चर्चच्या मुख्य वादक झाल्या. मारी-क्लेर आलाँ (१९२६–२०१३) यांनी बाखची सर्व ऑर्गन रचना आयुष्यात तीनदा ध्वनिमुद्रित केली. दर वेळी नवं शिकून, नवे जुने ऑर्गन धुंडाळून. तिन्हींतली एकच रचना लागोपाठ ऐकली तर एक विचारी कलावंत कसा बदलत जातो ते कळतं.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

एक आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ओलिव्हिए मेस्सियाँ १९३१ पासून १९९२ मध्ये जाईपर्यंत पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा वादक होता. त्याला एका फ्रेंच संगीतकोशात १२० देशी तालांचा तक्ता सापडला. तो तक्ता शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तला, आणि हा ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला गेला तो देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी. मेस्सियाँने त्या मात्रांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९५१ च्या त्याच्या ऑर्गनसाठीच्या संग्रहात पहिल्याच रचनेत प्रतापशेखर, गजझंप आणि सारस हे ताल आहेत. तबल्याच्या ठेक्यासारखे ते ऐकू येणार नाहीत; त्याने फक्त लघू-गुरूंचं माप घेतलं आणि त्यांची उलटापालट केली. तरी देवगिरीच्या दरबारात मोजलेल्या मात्रा सातशे वर्षांनी पॅरिसमधल्या ऑर्गनच्या नळ्यांतून वाजतात, हे आपल्याकडे पुरेसं माहीत नाही.

बाखचं काय?

त्याच्याशिवाय हे दालन अपुरंच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इतकंच सांगतो: त्याचं संगीत त्याच्या काळातल्या ऑर्गनवर ऐका. जर्मनीत फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमध्ये गोटफ्रीड झिल्बरमानचा १७१४ चा ऑर्गन आहे. हॉलंडमध्ये हार्लेमला १७३८ चा आहे, जो दहा वर्षांच्या मोझार्टने वाजवला होता. आवाज निर्मळ, धारदार, प्रत्येक पदर सुटा.

पॅरिसला गेल्यावर कुठे, कधी जावं?

रविवारी. तिकीट लागत नाही, कारण ही मैफल नसून मिस्सा असते. वेळा त्या त्या चर्चच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या. शक्य तितकं मधोमध बसा, ऑर्गनच्या अगदी खाली नको; आवाज डोक्यावरून निघून जातो. विधी चालू असताना फोटो काढत फिरू नका. आणि मिस्सा संपली की बाहेरच्या गर्दीबरोबर उठू नका. वादक खरं वाजवतो ते त्या वेळी, लोक निघत असताना. ते संपल्यावर टाळ्या वाजवायला हरकत नसते. नियमित येणारे मागे वळून वर बघत वाजवतात.

आणि भारतात?

मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, चामडं कुजतं, सूर सरकतात, त्यामुळे आपल्याकडे असं वाद्य टिकवणं खर्चाचं आणि चिकाटीचं काम. नाताळच्या आसपास कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

घरी ऐकताना फोनचा स्पीकर वापरू नका, त्यातून १६ आणि ३२ फुटी नळ्या मुळीच उमटत नाहीत. बरे हेडफोन घ्या. सुरुवातीला फ्राँकची ‘प्रेल्यूड, फ्यूग आणि व्हेरिएशन’, मग व्हिएर्नचं ‘वेस्टमिन्स्टरचं कॅरिलॉन’, मग विदॉरचं ते १९३२ चं ध्वनिमुद्रण. मेस्सियाँला त्यानंतर हात घाला, आणि पहिल्यांदा ऐकून नाही आवडला तर महिन्याभराने पुन्हा लावा.